रानकावळ्यांची वाट

मुनिसंघाचा विहार सुरू असताना चौका लावणाऱ्या बायकांची काय धांदल असते, हे आपल्यातल्या बहुतेकींनी पाहिलंय, कित्येकींनी स्वतः अनुभवलंय. संघ पहाटे निघणार, ऊन चढायच्या आत पुढच्या गावी पोचणार. त्याआधी भांडीकुंडी, धान्य, सोवळ्याचे कपडे घेऊन चौक्याची गाडी तिथं हजर पाहिजे, चांगल्या पाण्याची विहीर कुठं आहे याची चौकशी झालेली पाहिजे. लोकांना चालणारे महाराज दिसतात. मागची पळापळ कुणाला दिसत नाही, आणि दिसावी अशी कुणाची अपेक्षाही नसते.

२०२३ साली युरोपात असाच एक विहार निघाला. तोही भर चातुर्मासात, म्हणजे आपल्याकडे सगळे संघ एका जागी स्थिर असतात तेव्हा. दक्षिण जर्मनीतून निघून, फ्रान्स ओलांडून, स्पेनच्या पार दक्षिण टोकापर्यंत, आणि सगळा आकाशातून. पुढं छोटंसं मायक्रोलाइट विमान, त्याच्यामागं पस्तीस पक्षी: काळे, लांब वाकड्या चोचीचे. खाली रस्त्यानं आपल्या चौक्याच्या गाड्यांसारख्याच गाड्या. त्यांत पक्ष्यांसाठी उभारायची भली मोठी जाळी, त्यांचं खाणं, तंबू, इंधन, औषधं. पक्षी उतरायच्या आधी पुढच्या मुक्कामी जाळी उभी राहिलेली पाहिजे. विमानात वैमानिकाच्या मागच्या सीटवर एक तरुण बाई बसलेली असते. अंगात पिवळा सदरा, हातात भोंगा. ती ओरडत असते, "कोम, कोम!" जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'ये, ये'. बघणाऱ्याला वाटतं पक्षी विमानामागं चाललेत. पक्षी त्या बाईमागं चाललेले असतात.

मला या गोष्टीनं धरून ठेवलं ते याच एका कारणासाठी. एका पक्ष्याला वाट विसरून चारशे वर्षं होतात, आणि ती वाट त्याला पुन्हा शिकवायची तर शेवटी आईच लागते. यंत्र लागतं, पैसा लागतो, शास्त्रज्ञ लागतात, पण तेवढ्यानं भागत नाही.

या पक्ष्याचं जर्मन नाव 'वाल्डराप'. वाल्ड म्हणजे रान आणि राप हा कावळ्याच्या जातीचा जुना शब्द, म्हणून मी त्याला रानकावळा म्हणते. खरं तर तो कावळा नाही. आपल्या शेतात नांगरटीच्या वेळी बैलांमागं फिरणारा शराटी असतो ना, त्याच्या कुळातला. सव्वा किलोच्या आसपास वजन, कड्याकपारीत घरटं, मऊ जमिनीत चोच खुपसून अळ्या-किडे शोधायचे, हा त्याचा संसार. लांबून नुसता काळा दिसतो, पण उन्हात पंखांवर जांभळी-हिरवी झाक येते, जुन्या पैठणीच्या पदरासारखी. डोकं मात्र उघडं, तांबूस, म्हाताऱ्यासारखं. सुंदर म्हणावा असा नाही. पण ज्या बायकांनी त्याला वाढवलं त्यांना कुरूप म्हणून बघा!

१५५५ साली कॉनराड गेसनर नावाच्या स्विस विद्वानानं पक्ष्यांवर मोठा ग्रंथ छापला. त्यात या पक्ष्याचं चित्र आहे आणि वर्णनही. त्या काळी आल्प्सच्या भोवती, साल्झबुर्गसारख्या शहरांच्या कड्यांवर हे पक्षी घरटी करत. आणि त्यांची पिल्लं खायला फार चवदार लागत. गेसनरनं हेही लिहून ठेवलंय की पिल्लं काढणारे लोक घरट्यात एक पिल्लू मुद्दाम ठेवत, म्हणजे पक्षी पुढच्या वर्षी परत येतील. किती हिशेबी दया ती! त्याआधी १५०४ मध्येच साल्झबुर्गच्या आर्चबिशपनं हुकूम काढून हे पक्षी मारायला बंदी केली होती. राजाज्ञा होती, धर्मगुरूची होती, तरी उपयोग झाला नाही. सतराव्या शतकात मध्य युरोपातून रानकावळा संपला.

संपला, आणि मग लोक त्याला विसरले. इतके विसरले की पुढच्या काळातल्या पंडितांना गेसनरचं चित्र बघून वाटायला लागलं, असा पक्षी कधी नव्हताच. याचं डोकं त्याला, त्याची चोच याला जोडून कुणीतरी बनवलेला दिसतोय. १८९७ मध्ये तीन पक्षितज्ज्ञांनी दाखवून दिलं की मध्यपूर्वेत आणि उत्तर आफ्रिकेत दिसणारा टकला शराटी आणि गेसनरचा रानकावळा एकच. म्हणजे एखादा जीव नुसता मरतच नाही, तो होता हेसुद्धा खोटं ठरू शकतं. हे वाचलं तेव्हा मला आपल्या जुन्या शिलालेखांतल्या बायकांची आठवण झाली, ज्यांची नावं कुणीतरी नीट वाचेपर्यंत त्या नव्हत्याच.

तुर्कस्तानात फरात नदीच्या काठी बिरेजिक नावाचं गाव आहे. तिथं या पक्ष्याला मोठा मान. नोहानं नौकेतून सोडलेल्या पक्ष्यांपैकी हा एक, अशी तिथली कथा. हज यात्रेकरूंना हा वाट दाखवतो, असंही म्हणत, कारण त्याचा दक्षिणेकडं जायचा रस्ता त्याच दिशेचा. वसंतात पक्षी परत आले की गावात उत्सव व्हायचा. पुढं १९५० च्या दशकात शेतीवर डीडीटीची फवारणी झाली आणि पक्षी मोठ्या संख्येनं मेले. उरलेले गावकऱ्यांनी आणि सरकारनं जपले. पण आता दर वर्षी उन्हाळा संपला की त्यांना जाळीत बंद करतात, कारण उडून दक्षिणेकडं गेलेले परत येत नाहीत. पक्षी वाचलाय, वाट गेली. मोरोक्कोच्या किनाऱ्यावरही हे पक्षी आहेत, तिथं ते बऱ्यापैकी नांदताहेत, पण ते लांब कुठं जातच नाहीत. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत जे आहेत ते बहुतेक याच मोरोक्कोच्या वंशाचे. आईनं दक्षिण कधी पाहिली नाही, आजीनं पाहिली नाही.

इथं या पक्ष्याचा स्वभाव समजून घ्यायला पाहिजे. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरात वाढतं, तरी आवाज कोकिळेचाच काढतं; ते त्याच्या रक्तात असतं. रानकावळ्याच्या रक्तात अर्धीच गोष्ट आहे. शरद ऋतू आला की त्याला जायची हुरहुर लागते. कुठं जायचं आणि कुठल्या खिंडीतून जायचं, हे मात्र त्याला थोरांबरोबर एकदा जाऊनच कळतं. ऑस्ट्रियात ग्रुनाऊ इथं कॉनराड लोरेन्झ यांच्या नावाचं संशोधन केंद्र आहे. लोरेन्झ म्हणजे हंसाची पिल्लं ज्यांच्यामागं आई समजून फिरायची ते, १९७३ चे नोबेल मानकरी. या केंद्रात १९९७ पासून रानकावळ्यांची पिल्लं हातानं वाढवून मोकळी सोडली होती. सगळा उन्हाळा ती त्याच खोऱ्यात छान नांदली. शरद आला आणि निघाली. कुणी पोलंडकडं, कुणी नेदरलँड्सकडं, जिकडं वारा तिकडं. बहुतेक मेली.

हुरहुर आहे आणि वाट माहीत नाही. यापेक्षा वाईट काय असतं, सांगा.

त्या केंद्रात काम करणारा योहानेस फ्रिट्झ हा तरुण जीवशास्त्रज्ञ हे सगळं बघत होता. त्याच सुमारास 'फ्लाय अवे होम' हा १९९६ चा इंग्रजी चित्रपट आला होता. आई गमावलेली एक मुलगी अनाथ हंसांना वाढवते आणि बापानं बनवलेल्या छोट्या विमानातून त्यांना दक्षिणेकडं नेते, अशी ती गोष्ट. तिच्यामागं खरी घटना होती. बिल लिशमन नावाच्या कॅनडाच्या शिल्पकारानं १९९३ मध्ये कॅनडा हंसांना आपल्यामागं उडवत ऑन्टारिओतून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत नेलं होतं. फ्रिट्झला वाटलं, हंस येतात तर हे का येणार नाहीत? लोक हसले. हंस सरळ पंख मारत जातो, रानकावळा तर घारीसारखा गरम हवेवर तरंगत जाणारा. तो विमानामागं कशाला येतोय!

आता या विमानाबद्दल थोडं सांगते, कारण विमान म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं सांबऱ्याच्या धावपट्टीवर उतरणारं विमान येतं. मायक्रोलाइट म्हणजे उडणारी तीनचाकी सायकलच म्हणा. १९७० नंतरच्या काळात काही हौशी लोकांनी डोंगरावरून उडी घेऊन तरंगायच्या कापडी पंखाला छोटं इंजिन जोडलं, तिथून याची सुरुवात. ना काच, ना छप्पर. थंडी, वारा, पाऊस थेट अंगावर. युरोपात या असल्या साधनानं लांब लांबचे प्रवास करायची हौस पुष्कळांना लागली. जूडी लेडन ही इंग्रज बाई, कापडी पंखावर तरंगायच्या स्पर्धेतली जगज्जेती. ती १९९० च्या दशकात मायक्रोलाइटनं इंग्लंडहून थेट जॉर्डनपर्यंत गेली, कॅन्सरनं गेलेल्या एका मैत्रिणीच्या नावानं संशोधनाला पैसे गोळा करायला. ब्रायन मिल्टन यानं १९९८ मध्ये मायक्रोलाइटनं पृथ्वीला प्रदक्षिणाच घातली.

पण या सगळ्यांना घाई होती. फ्रिट्झची अडचण उलटी होती. पक्ष्याच्या वेगानं जायचं म्हणजे ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, आणि नेहमीचं मायक्रोलाइट इतकं सावकाश चाललं तर पडेल. म्हणून ताठ पंख काढून वर मोठं पॅराशूटसारखं कापड घेतलं. ते फुगलं की खाली सांगाडा, त्याला चाकं, पुढं वैमानिक, मागं आई आणि तिच्या पाठीशी पंखा. पक्षी पंख्यात सापडू नयेत म्हणून पंख्याभोवती जाळीचा पिंजरा. हे चित्र मला फार आवडतं: यंत्र पिंजऱ्यात आणि पक्षी मोकळे.

आता आईकडं येऊ. एप्रिलच्या सुमारास प्राणिसंग्रहालयातल्या घरट्यांतून अगदी काही दिवसांची पिल्लं आणतात. त्या वर्षाच्या दोन पालक-आया ठरलेल्या असतात. बहुतेक जीवशास्त्र शिकलेल्या तरुण मुली. त्या दिवसापासून पिल्लांना फक्त त्या दोघीच दिसायच्या. भरवायचं त्यांनी, घरटं साफ करायचं त्यांनी, अंगाखांद्यावर घेऊन बसायचं त्यांनी, बोलायचं त्यांनी. दिवसभर. बाकी कुणी माणसानं जवळ फिरकायचं नाही, अगदी फ्रिट्झनंसुद्धा नाही. कारण पिल्लांना माणूसजातीचा लळा लागला तर मोठेपणी ती कुणाच्याही अंगणात उतरतील आणि मरतील. लळा लागायचा तो या दोन बायकांचाच, त्यांच्या आवाजाचा आणि त्या पिवळ्या रंगाचा.

अमेरिकेत २००१ पासून मोठ्या पांढऱ्या क्रौंचांना विमानामागून विस्कॉन्सिनहून फ्लोरिडाला नेत, तेव्हा त्यांनी अगदी उलट रीत ठेवली होती. माणसांनी पांढरे अंगरखे घालायचे, चेहरा झाकायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही, क्रौंचाच्या डोक्याची बाहुली हातात घालून भरवायचं. पिल्लाला माणूस कधी कळताच कामा नये. त्यातही शहाणपण आहे. पण रानकावळ्यांच्या बाबतीत युरोपातल्या बायकांनी ठरवलं, लपायचं नाही. मला ही दुसरी रीत जास्त खरी वाटते. माया करायची तर तोंड दाखवून करावी.

त्यांचं खाणं काय, हे मी गाळून पुढं जाऊ शकले असते. पण आपल्या बायका पहिला प्रश्न तोच विचारतील. पिल्लांना मांसाचा खिमा आणि किडे भरवतात. तो पक्षी तेच खातो, डाळ-तांदळावर जगणार नाही. आपल्याकडं राजस्थानात खिचन गावी हिवाळ्यात हजारो कुरजा येतात, म्हणजे छोटे क्रौंच. जैन घरांनी दाण्याची सोय ठेवली आणि पिढ्यान्पिढ्या ते पक्षी तिथं विश्वासानं उतरतात. तिथं आपलं मन सरळ भरून येतं, कारण ज्वारी टाकायला कुणाची हरकत? दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लाल मंदिरात आपल्या समाजाचा पक्ष्यांचा दवाखाना आहे. तिथं दाणे खाणारे पक्षी आत ठेवून घेतात. घार-ससाण्यासारख्या मांसाहारी पक्ष्यावर इलाज करतात, पण त्याला आत ठेवून घेत नाहीत. म्हणजे या प्रश्नाशी आपल्या लोकांचीही गाठ पडलेली आहे आणि त्यांनी आपल्या परीनं उंबऱ्यावर तडजोड केलेली आहे. मी पुष्कळ विचार केला. एका जिवाला वाचवायला दुसरे जीव भरवायचे, हे माझ्या हातून व्हायचं नाही. आणि तरी त्या मुलीच्या मांडीवर डोकं टेकून झोपलेलं पिल्लू बघितलं की तिनं चूक केली असं म्हणवत नाही. इथं माझं मन दोन्हीकडं आहे, आणि ते तसंच राहू दे.

जून-जुलैत पिल्लं उडायला लागतात. मग एखाद्या गवती धावपट्टीजवळ मुक्काम हलतो. इंजिनाच्या आवाजाची सवय करायची, पसरलेल्या कापडाची भीती घालवायची, मग विमानाच्या मागं छोट्या छोट्या चकरा. काही पिल्लं हुशार, लगेच मागं येतात. काही हट्टी, अर्ध्यातून परत फिरतात. प्रवासातसुद्धा जी येत नाहीत त्यांना खोक्यात घालून गाडीनं पुढच्या मुक्कामी नेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगतात, ये, ये. उड्डाण पहाटे, हवा शांत असताना. वारा वाढला, ढग उतरले की दोन-दोन, चार-चार दिवस एकाच जागी बसून राहायचं. युरोप ओलांडायचा म्हणजे बराचसा वेळ गवतावर बसून आभाळाकडं बघत राहायचं, असाच त्याचा अर्थ होतो.

२००४ मध्ये पहिल्यांदा हा थवा आल्प्स ओलांडून इटलीतल्या टस्कनीत पोचला, ओर्बेतेल्लोच्या खाजणात. तिथं हिवाळा सौम्य, चिखल मऊ, खाणं भरपूर. पुढच्या वर्षांत आणखी थवे नेले. शास्त्रज्ञांनी चौदा पक्ष्यांच्या पाठीवर छोटी यंत्रं बसवली आणि २०१४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष छापला: बाणाच्या आकारात उडताना मागचा पक्षी पुढच्याच्या पंखाखालून उसळणारी हवा अचूक पकडतो, त्यासाठी पंख मारायची वेळसुद्धा जुळवून घेतो. पुढच्या वर्षी त्याच माहितीतून आणखी एक गोष्ट निघाली. पुढं उडणाऱ्याला जास्त कष्ट पडतात, म्हणून ते जोडीजोडीनं पाळी बदलतात. तू जितका वेळ माझ्यापुढं, जवळजवळ तितकाच वेळ मी तुझ्यापुढं. फुकट्या कुणी नाही. आपल्या महिला मंडळाच्या सभेत हा कागद वाचून दाखवावा असं माझ्या मनात आलं होतं, पण कुणाला टोचेल म्हणून राहिलं.

पण विमानामागं जाणं ही अर्धीच परीक्षा. परत यायला विमान नसतं. पिल्लं तिथंच दक्षिणेत राहतात आणि दोन-तीन वर्षांनी वयात आली की त्यांना उत्तरेची ओढ लागते. येतील का? २०११ मध्ये गोया नावाची मादी टस्कनीतून एकटी निघाली आणि बव्हेरियातल्या बुर्गहाउझेन गावी, जिथं ती लहानाची मोठी झाली होती तिथं, येऊन उतरली. चारशे वर्षांत पहिल्यांदा. एकदाच, तेही उलट दिशेनं, पिवळ्या सदऱ्यामागून केलेला प्रवास तिनं मनात जपला होता. आता ती पुढच्यांना वाट दाखवू शकणार होती. माणसाची गरज संपायची ती अशीच संपायची.

२०१२ च्या शरदात इटलीत एका शिकाऱ्यानं तिला गोळी घातली.

त्याला पुढं न्यायालयानं दोषी ठरवलं. मरणाची दोन मोठी कारणं अजून तीच आहेत: बंदूक, आणि विजेचे खांब, ज्यावर हे पक्षी विश्वासानं बसतात. विजेच्या तारांनी आपल्याकडं माळढोकाचं काय केलं ते ठाऊक असलेल्याला हे नवीन नाही. तरी काम चालू राहिलं. युरोपीय संघानं पैसा दिला, साल्झबुर्गजवळ कुखल इथं, कोन्स्टान्स सरोवराकाठी युबरलिंगन इथं कड्यांवर वसाहती वाढल्या, आणि वाट माहीत असलेले पक्षी आपल्या पिल्लांना स्वतःच टस्कनीला नेऊ लागले. शून्यावरून २०२४ पर्यंत संख्या तीनशेच्या जवळ आली. साडेतीनशेच्या वर गेली तर हा थवा माणसाशिवाय टिकेल, असा फ्रिट्झचा हिशेब.

आणि मग शरद ऋतूच बदलला. पूर्वी सप्टेंबरअखेर थंडी पडायची आणि पक्षी निघायचे. आता उबदार हवा लांबत जाते, पक्षी ऑक्टोबर संपेपर्यंत, कधी नोव्हेंबरपर्यंत रमतात. तोवर आल्प्सच्या उतारांवरून वर चढणारी गरम हवा उरत नाही. बिचारे डोंगराच्या पायथ्याशी येतात, प्रयत्न करतात आणि परत फिरतात. थंडी-बर्फात उपाशी मरतील म्हणून त्यांना पकडून गाडीत घालून डोंगरापलीकडं सोडायची वेळ आली. वीस वर्षं घालून जी वाट शिकवली, तीच वाट बंद झाली. त्यात पक्ष्यांची चूक नाही, आयांचीही नाही.

म्हणून २०२३ मध्ये नवी वाट. आल्प्सच्या वाटेला न जाता पश्चिमेकडून फ्रान्समध्ये, तिथून भूमध्य समुद्राच्या कडेकडेनं स्पेनमध्ये, आणि शेवटी दक्षिणेला अन्दालुसिया प्रांतात वेहेर दे ला फ्रोन्तेरा या पांढऱ्या घरांच्या गावापाशी. २,३०० किलोमीटर, ४३ दिवस. २०२४ मध्ये बव्हेरियातून ३६ पक्षी घेऊन निघाले, तेव्हा अंतर आणखी लांबलं, २,८०० किलोमीटर. त्या वर्षीच्या आयांपैकी एक बार्बरा स्टायनिंगर. उघड्या सांगाड्यावर, पायाखाली आधी शेतं, मग समुद्र, मग कोरडे तपकिरी डोंगर, आणि मागं वळून वळून एकच हाक. दोन महिने घसा कसा टिकत असेल देव जाणे.

वेहेरच का? तिथं आधीच रानकावळे आहेत. २००४ च्या आसपास अन्दालुसियातल्या लोकांनी हेरेस शहरातल्या प्राणिसंग्रहालयाच्या मदतीनं मोरोक्कोच्या वंशाचे पक्षी तिथं सोडले, आणि गावाखालच्या रस्त्याला लागून असलेल्या कड्यावर ते घरटी करायला लागले. खालून मोटारी जातात, वर हे निवांत बसलेले. ते स्थलांतर करत नाहीत, बाराही महिने तिथलेच. म्हणजे उत्तरेच्या या पाहुण्या पिल्लांना उतरल्यावर भाऊबंद भेटतात. पुढं समुद्राची अरुंद पट्टी, आणि स्वच्छ दिवशी पलीकडं आफ्रिका दिसते.

ही सगळी हकिगत मी एकदा शेजारच्या आक्कांना सांगत होते. त्या शेंगा फोडत ऐकत होत्या. विमान, वेग, अंतर यात त्यांना फारसं गम्य वाटलं नाही. मध्येच म्हणाल्या, "आणि तिथं पोचल्यावर ती पोरगी काय करते?"

ती परत जाते. नव्या जागी पक्ष्यांना काही दिवस जाळीत ठेवतात, पालक-आया सोबत असतात, मग हळूहळू कमी येतात, जाळी उघडते, आणि एक दिवस आई येत नाही. तशीच रीत आहे. तिनं राहायचं ठरवलं तर पिल्लं तिलाच चिकटून राहतील, थव्यात मिसळणार नाहीत, वसंतात उत्तरेला निघणार नाहीत. सहा महिने ज्यांना दुसरं माणूस दिसू दिलं नाही, त्यांच्या डोळ्यांपुढून आपणच नाहीसं व्हायचं.

"मग रडत नसंल काय ती?" आक्कांनी विचारलं. त्यांची धाकटी लग्न होऊन हैदराबादला गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

मी म्हटलं, रडत असणारच. आक्का काही बोलल्या नाहीत, सुपातली टरफलं फुंकून उडवली आणि पुढची मूठ घेतली.

स्पेनला पोचलेल्या पिल्लांच्या पाठीवर छोटी यंत्रं आहेत, ती कुठं आहेत ते दूर बसून कळतं. ती वयात येतील तेव्हा उत्तरेकडं निघायचं की नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. तोपर्यंत जर्मनीत आणि ऑस्ट्रियात दर एप्रिलला नवी पिल्लं आणली जातात, दोन मुली पिवळे सदरे चढवतात, आणि पहिल्या दिवसापासून तीच हाक सुरू होते.